कोणत्या सालची केमन? जुनी पोर्शे घेतानाचा अनुभव

पोर्शे केमन एस ही दोन आसनी स्पोर्ट्स कार घ्यायची हे माझे फार आधीपासून ठरलेले होते; प्रश्न होता तो कोणत्या सालची घ्यायची याचा. माझ्या बजेटात २००७ पासून २०१४ पर्यंतची कोणतीही गाडी बसत होती आणि थोडी ओढाताण केली असती तर २०१७ ची सुद्धा मिळू शकली असती. जुन्या मोटारींच्या बाजारात अशा वेळी सगळे जण एकच सल्ला देतात, तो म्हणजे परवडेल तेवढी नवी घ्यावी. रोजच्या वापराच्या हॅचबॅकसाठी तो सल्ला योग्यच आहे. परंतु ज्या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग ठरावीक वर्षी आमूलाग्र बदलत गेले, तिच्या बाबतीत एखाद्या वर्षाचा फरक कधी काहीच नसतो आणि कधी संपूर्ण गाडीच वेगळी असते. हा फरक समजून घेण्यात माझा सर्वाधिक वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला असे मी आजही मानतो.

केमनची उघड्या छताची बहीण म्हणजे बॉक्स्टर. पुण्यात तीही विक्रीला दिसते आणि पुष्कळदा केमनपेक्षा चांगल्या स्थितीत मिळते. तरी मी ती बाजूला ठेवली, त्याचे कारण पुण्याचा पाऊस. बॉक्स्टरच्या छतावरचे पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यांत पालापाचोळा अडकला की पाणी आत उतरते आणि जुन्या पिढीच्या गाड्यांत ते सीटखाली बसवलेल्या कंट्रोल युनिटपर्यंत पोहोचते. ते युनिट भिजले की गाडी किल्ली ओळखत नाही. नळ्या नियमित साफ करणाऱ्या माणसाला याची भीती बाळगण्याचे कारण नाही, पण आमच्या सोसायटीत माझी जागा उघड्यावर आहे आणि जून ते सप्टेंबर ही चिंता मला नको होती.

केमन एसच्या वाटचालीत तीन वर्षे निर्णायक आहेत : २००९, २०१३ आणि २०१६. पहिली केमन एस २००५ च्या अखेरीस आली. तिचे इंजिन ३.४ लिटरचे आणि २९५ अश्वशक्तीचे होते. २००९ च्या मॉडेलपासून आकार जवळपास तोच राहिला, पण आतले इंजिन पूर्णपणे नवे आले. लिटर तेवढेच, इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारले जाणारे आणि ताकद ३२० अश्वशक्ती. जुन्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकच्या जागी सात गिअरचा, दोन क्लचचा पीडीके गिअरबॉक्सही याच वेळी आला. २०१३ मध्ये गाडीची बॉडीच बदलली, दोन्ही आसांमधले अंतर ६० मिलिमीटरने वाढले, इंजिन ३२५ अश्वशक्तीचे झाले आणि हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या जागी इलेक्ट्रिक स्टिअरिंग आले. २०१६ मध्ये ७१८ हे नाव लागले आणि सहा सिलिंडरच्या जागी टर्बो लावलेले चार सिलिंडरचे अडीच लिटरचे इंजिन बसले. त्याची ताकद ३५० अश्वशक्ती आहे.

यांपैकी २००९ ची रेघ सर्वांत ठळक आहे. जुन्या पोर्शेविषयी वाचायला लागले की पहिल्यांदा भेटते ती इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या बेअरिंगची भीती. क्रँकशाफ्टची गती साखळ्यांमार्फत झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत पोहोचवण्यासाठी त्या इंजिनांत एक मधला शाफ्ट असतो आणि त्याच्या टोकाला सीलबंद बेअरिंग असते. सील कमकुवत होऊन ग्रीस निघून गेले आणि बेअरिंग तुटले, तर साखळीचा ताल बिघडतो आणि इंजिन कामातून जाते. मात्र केमनमध्ये पहिल्यापासूनच मोठे आणि अधिक टिकाऊ बेअरिंग होते आणि त्याचा खरा त्रास त्याआधीच्या बॉक्स्टर व पोर्शेच्याच ९११ गाड्यांना झाला, हे सांगणारे कमी भेटतात. २००६ ते २००८ च्या केमन एसमध्ये ज्याची धास्ती घ्यायला हवी ती गोष्ट वेगळी आहे. या इंजिनाच्या ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या भिंतींना सिलिकॉनयुक्त पृष्ठभाग दिलेला असतो. पिस्टनवरचा लेप झिजला की त्या भिंतींवर उभे ओरखडे पडू लागतात, इंजिन तेल पिऊ लागते आणि गरम झाल्यावर टकटक आवाज येतो. त्यावर साधी दुरुस्ती नाही, इंजिन पूर्ण उघडावे लागते. २००९ च्या नव्या इंजिनातून मधला शाफ्टच काढून टाकला गेला आणि ब्लॉकही नव्या पद्धतीचा आला.

म्हणून २००८ ची एक काळी केमन एस अतिशय वाजवी किमतीत समोर आली, तेव्हा ती पाहायला जाण्यापूर्वीच मी विक्रेत्यांना विचारले की, स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून पाहू द्याल का. त्यांनी सौजन्याने नकार दिला. त्यांच्या दृष्टीने गाडी उत्तम चालत होती आणि कदाचित ती खरोखरच उत्तम असेल. पण त्या वर्षांची केमन एस कॅमेऱ्याशिवाय घेऊ नये हे माझे ठाम मत आहे आणि ते मी प्रत्येक विचारणाऱ्याला सांगतो.

दुसऱ्या टोकाला ७१८ होती. बाणेर भागातल्या एका जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये २०१७ ची पांढरी ७१८ केमन एस मी चालवून पाहिली. आकड्यांत ती सर्वांना मागे टाकते. ४२० न्यूटन मीटरचा पूर्ण टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, १९०० आरपीएमपासून (मिनिटाला १९०० फेऱ्यांपासून) मिळतो, त्यामुळे विद्यापीठ चौकाच्या रांगेत गाडी थोडीशी पुढे सरकवायची असो वा महामार्गावर ट्रक ओलांडायचा असो, ॲक्सिलरेटरवर नुसते बोट टेकवावे एवढेच पुरते. २०१३ च्या पिढीतल्या एसचा ३७० न्यूटन मीटरचा टॉर्क ४५०० आरपीएमला येतो, म्हणजे तिथे इंजिन फिरवावे लागते. शहरातल्या सोयीचा विचार केला तर ७१८ निर्विवाद सरस आहे. तरीही मी ती घेतली नाही. ज्या सहा सिलिंडरच्या इंजिनासाठी मी इतकी वर्षे पैसे बाजूला टाकत आलो, त्याचा साडेसात हजार आरपीएमकडे चढत जाणारा आवाज या गाडीत नाही. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये माणूस शेवटी एका अनुभवाची किंमत मोजतो आणि माझ्या लेखी तो अनुभव म्हणजे ते इंजिन.

त्यामुळे निवड २००९ ते २०१२ आणि २०१३ ते २०१६ या दोन पिढ्यांवर येऊन ठेपली. इथे मात्र मोटारीच्या गुणांइतकेच आपल्याकडच्या नोंदणीच्या नियमांनीही वजन टाकले. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून १५ वर्षे वैध असते. त्यानंतर आरटीओत तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये नूतनीकरणाचे शुल्क वाढले. साध्या मोटारीला ते तेव्हा ५,००० रुपये झाले, तर आयात केलेल्या मोटारीला ४०,००० रुपये. त्याशिवाय पर्यावरण कर वेगळा. एवढ्या किमतीच्या गाडीपुढे हा खर्च मोठा नाही, पण पुढे विकताना गिऱ्हाईक पहिल्यांदा आरसीवरची वैधतेची तारीख पाहते. २०११ ला नोंदलेल्या गाडीची ती तारीख २०२६ मध्ये येते. २०१४ ला नोंदलेल्या गाडीची २०२९ मध्ये.

परराज्यातल्या गाड्या स्वस्त का दिसतात, तेही या निमित्ताने समजले. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे तिथल्या दहा-बारा वर्षांच्या गाड्यांची किंमत लवकर उतरत होती. परंतु ती गाडी पुण्यात कायमची आणायची तर तिथल्या आरटीओकडून ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते, बारा महिन्यांच्या पुढे राहणार असेल तर इथला क्रमांक घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. आयात मोटारीवर आपल्या राज्यात २० टक्के दराने कर आहे. गाडीच्या वयाप्रमाणे त्यात सूट मिळते, पण आकारणी मूळ किमतीवर होते. सगळी बेरीज केल्यावर दिल्लीची गाडी आणि एमएच १२ ची गाडी यांतले अंतर इतके आक्रसले की मी महाराष्ट्राबाहेरच्या जाहिराती पाहणे बंद केले.

२०११ च्या केमन एसवर माझा खरा जीव होता. ती एका निवृत्त उद्योजकांकडे होती. त्यांनी मोठ्या मनाने मला ती चांदणी चौकातून भूगावमार्गे पिरंगुटच्या घाटापर्यंत चालवू दिली. हायड्रॉलिक स्टिअरिंगची एवढी स्तुती का होते, हे मला त्या वळणांवर कळले. रस्त्याचा पोत बदलला, डांबरावर बारीक खडी आली, पुढचे चाक पांढऱ्या पट्ट्यावरून गेले, तर त्यातले प्रत्येक कंपन निराळे होऊन तळव्यांत येते. ते गृहस्थ शेजारी बसून एवढेच म्हणाले, "घाई करू नका, तिला गरम होऊ द्या, मग बघा." नंतर चालवलेल्या २०१३ नंतरच्या गाडीत ही बातमी थोडी गाळून येते, हे मी मान्य करतो. पण ती गाडी वळणात अधिक स्थिर वाटते, खड्ड्यांवर कमी आपटते आणि आत बसल्यावर दहा वर्षे पुढची भासते.

२०११ च्या गाडीला नाही म्हणायला लावले ते तिच्या देखभालीच्या कागदांनी. मधल्या तीन वर्षांच्या नोंदी सापडत नव्हत्या आणि पीडीकेचे तेल बदलल्याचा एकही पुरावा नव्हता. या गिअरबॉक्समधला सेन्सर बिघडला तर बरेच जण संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचाच खर्च सांगतात. सेन्सरपुरते काम करणारे कारागीर कमी आहेत. हा धोका पुढच्या पिढीतही आहे, म्हणूनच नोंदी पूर्ण असलेली गाडी हवी होती. स्टिअरिंगसाठी मी आरसीची जवळ आलेली तारीख सोडून दिली असती, पण कागदांतली पोकळी सोडून देणे शक्य नव्हते. त्या गृहस्थांना मी हे कारण स्पष्ट सांगितले आणि त्यांनीही ते मनाला लावून घेतले नाही.

आता उरल्या २०१३ नंतरच्या दोन गाड्या, आणि सालाचा प्रश्न सर्वांत बारकाईने तपासावा लागला तो इथे. एक राखाडी रंगाची, २०१४ च्या फेब्रुवारीत पुण्यातच नोंदलेली, एकाच मालकाची होती. दुसरी पिवळी, 'दोन हजार पंधराचे मॉडेल' म्हणून एका विक्रेत्याकडे उभी होती आणि त्या एका वर्षासाठी ते बरीच जास्त रक्कम मागत होते. पिवळी गाडी पाहायला मी टॉर्च घेऊन गेलो. पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात, बाहेरून वाचता येईल असा सतरा अक्षरांचा चासी क्रमांक असतो. पोर्शेच्या क्रमांकातले दहावे अक्षर मॉडेलचे वर्ष दाखवते : २०१३ साठी डी, २०१४ साठी ई, २०१५ साठी एफ. त्या जागी ई होते. मग मी दार उघडून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, कारण पट्ट्याच्या तळाशी शिवलेल्या लेबलवर पट्टा तयार झाल्याची तारीख असते. ती २०१३ च्या उत्तरार्धातली निघाली. आरसीवरही उत्पादनाचा महिना २०१३ चाच होता. नोंदणी तेवढी २०१५ मध्ये झाली होती. म्हणजे गाडी कुठेतरी न विकता उभी राहिली आणि उशिरा नोंदली गेली.

यात बेकायदा काही नाही, आणि आरसीची वैधता खरोखरच एका वर्षाने जास्त होती. परंतु यांत्रिकदृष्ट्या दोन्ही गाड्या एकाच मॉडेल वर्षाच्या होत्या, त्यामुळे जास्तीच्या रकमेला आधार उरत नव्हता. मी हे विक्रेत्यांना दाखवले तेव्हा त्यांनी सांगितले की बाजार नोंदणीच्या सालावर चालतो. बाजार तसाच चालतो हे खरे आहे. म्हणूनच घेणाऱ्याने एका गाडीची तीन वर्षे वेगळी लिहून काढावीत असे मला वाटते : उत्पादनाचे, मॉडेलचे आणि नोंदणीचे. शेवटी मी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातल्या नोंदी वाचणारे यंत्र, लावून तपासणी करू देण्याची विनंती केली, ती त्यांनी मान्य केली नाही आणि पिवळी गाडी यादीतून गेली.

राखाडी गाडीच्या मालकांनी मात्र तपासणीला आनंदाने होकार दिला. युरोपीय गाड्यांवर वर्षानुवर्षे काम करणाऱ्या एका स्वतंत्र मेकॅनिकांकडे आम्ही ती नेली. लिफ्टवर चढवण्यापूर्वीच त्यांनी मालकांना विचारले, "साहेब, गाडी उभी कुठे असते? झाडाखाली का?" मालक हो म्हणाले. मग पुढच्या बंपरच्या जाळीतून टॉर्च मारून त्यांनी मला आत पाहायला लावले. केमनमध्ये इंजिन सीटच्या मागे असले तरी रेडिएटर पुढे, बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात आणि त्यांच्यासमोर एसीचे कंडेन्सर. त्या खोबणीत वाळलेल्या पानांचा आणि मातीचा इतका जाड थर बसला होता की जाळीमागचे धातूचे पंख अर्धे दिसत नव्हते. हा थर पावसाळ्यात ओला राहतो आणि ॲल्युमिनियम कुरतडतो. दाब तपासल्यावर गळती कुठेही आढळली नाही, पण बंपर उतरवून ते साफ करणे हे खरेदीनंतरचे पहिले काम ठरले.

स्कॅनरने जे दाखवले ते मला सर्वांत विश्वासार्ह वाटले. इंजिनचा संगणक एकूण चालू तासांची नोंद ठेवतो. मीटरवर ३१,००० किलोमीटर होते आणि तास साधारण १,०५० भरले, म्हणजे सरासरी वेग तासाला तीस किलोमीटरच्या आसपास. पुण्यात आणि अधूनमधून मुंबई द्रुतगती मार्गावर चालणाऱ्या गाडीला हा आकडा शोभतो. मीटर मागे फिरवलेले असते तर ही सरासरी अवास्तव खाली गेली असती. इंजिन मर्यादेबाहेर फिरवल्याच्या नोंदी सहा पायऱ्यांत साठवलेल्या असतात. वरच्या पायऱ्या रिकाम्या होत्या. रंगाची जाडी मोजल्यावर पुढचे डावे मडगार्ड एकदा रंगवल्याचे दिसले आणि मालकांनी त्याचे बिल आधीच फाइलमध्ये ठेवले होते. टायरवर शेवटचे चार आकडे '३८१७' असे होते, म्हणजे २०१७ च्या अडतिसाव्या आठवड्यात बनलेले. नक्षी भरपूर शिल्लक होती, पण रबर कडक झाले होते. घाटात अशा टायरवर जाण्याची माझी तयारी नव्हती. चारही टायरची किंमत व्यवहारातून वजा करायला मालक राजी झाले, आणि ते राजी झाले हे मला रकमेपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटले.

राखाडी गाडी मी घेतली. विम्याबाबत एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी : पाच वर्षांवरच्या गाडीची विमा रक्कम कोष्टकाने ठरत नाही, ती कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. त्यामुळे फोटो आणि देखभालीची फाइल दाखवून ती योग्य पातळीवर ठरवून घेता आली. संगम पुलाजवळच्या आरटीओतल्या हस्तांतरणाचे काम नमुना २९ आणि ३० भरून, कर्जाचा बोजा नसल्याची खात्री करून, फारशी अडचण न येता पार पडले.

बंपर उतरवून कंडेन्सर स्वच्छ केले आणि कोपऱ्यांतल्या खोबणींपुढे बारीक जाळी बसवून घेतली. ब्रेक ऑइल आणि पीडीकेचे तेल बदलले, प्लग नवे टाकले, टायर नवे घातले. या पिढीत इंजिन ऑइल तपासायची पट्टीच नसल्यामुळे पातळी डॅशबोर्डवरच पाहावी लागते आणि ती मी दर पेट्रोल भरणीला पाहतो. आतापर्यंत ती खाली सरकलेली नाही. ताम्हिणीच्या रस्त्यावर पहाटे, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये ते शेवटपर्यंत फिरवता येते आणि त्यासाठीच ही गाडी घेतली होती. २०११ च्या त्या स्टिअरिंगची आठवण वळणांवर अजूनही होते. पूर्ण फाइल असलेली त्या सालची एखादी केमन एस कोणाला पुण्यात मिळाली, तर आरसीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर हिशेबात धरून ती जरूर घ्यावी, असे मी बिनदिक्कत सांगेन.